चुंबकाला न चिकटणारं चुंबकत्व

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या लॅबमध्ये बहुतेकांचं काम स्पिनेल फेराइट या लोहाच्या चुंबकी ऑक्साइडांवर. ती पूड चुंबकाला झटकन चिकटते. माझं लॅन्थनम फेराइट (लॅन्थनम आणि लोहाचं ऑक्साइड) मात्र जागचं हलत नव्हतं, चुंबकत्व मोजणाऱ्या व्हीएसएम यंत्राचा आलेखही जवळपास सरळ रेष. ‘यात चुंबकत्व आहे कुठं?’ असं प्रत्येक सेमिनारला कुणीतरी विचारायचंच.

आहे, आणि भरपूर आहे. शेजारशेजारच्या लोह-आयनांची चुंबकी आघूर्णं, म्हणजे त्यांचे सूक्ष्म चुंबक, एकमेकांच्या उलट असतात, म्हणून बेरीज जवळजवळ शून्य येते; हेच प्रतिलोहचुंबकत्व. साध्या एक्स-रे विवर्तनात, म्हणजे स्फटिकावरून विखुरलेल्या किरणांची शिखरं कोणत्या कोनांना येतात ते पाहण्यात, हे दिसत नाही; त्यासाठी न्यूट्रॉन लागतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, पण स्वतःचं चुंबकी आघूर्ण आहे. त्याला प्रत्येक आयनाची दिशा जाणवते. शल आणि स्मार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइड ८० केल्विनला नेऊन न्यूट्रॉन विवर्तनात जास्तीची शिखरं दाखवली, तेव्हा उलटसुलट आघूर्णांच्या लुई नील यांच्या कल्पनेला पहिला थेट पुरावा मिळाला.

मराठवाड्यातून न्यूट्रॉनसाठी ट्रॉम्बेच्या ध्रुवा अणुभट्टीकडेच जावं लागतं. विद्यापीठांना अशा सुविधा मिळवून देणाऱ्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या मुंबई केंद्रामार्फत प्रस्ताव टाकला. प्रस्तावापेक्षा नमुन्यानंच जास्त घाम काढला. एक्स-रेला चिमूटभर पूड पुरते, इथं काही ग्रॅम लागते, आणि सोल-जेलच्या (द्रावणातून पूड बनवण्याच्या पद्धतीच्या) एका घाण्यात निघते थोडीच. मध्येच लाइट गेली की भट्टी थंड. प्रत्येक घाणा एक्स-रेनं तपासूनच मिसळत गेले, कारण हेमॅटाइट (साधं लोह-ऑक्साइड) उरलं तर तेही प्रतिलोहचुंबकी. त्याची शिखरं आपलीच वाटतील. नव्यानं करणाऱ्यांनी इथं अजिबात घाई करू नये.

रात्रीच्या देवगिरीनं मुंबई. गेट पास, मोबाईल बाहेर. पूड व्हॅनेडियमच्या डबीत भरली. व्हॅनेडियमची स्वतःची शिखरं जवळजवळ येतच नाहीत. मग तासन्‌तास मोजणी.

एक्स-रेत जेमतेम जाणवणारं एक शिखर कमी कोनावर ठसठशीत उभं राहिलं! चुंबकी शिखरं कोन वाढेल तशी झपाट्यानं विरतात, कारण ती अणुकेंद्राची नसून पसरलेल्या इलेक्ट्रॉनांची असतात. फुलप्रॉफ या आलेख जुळवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती स्फटिकरचना घातली तर ते शिखर शिल्लक राहत होतं. प्रत्येक शेजारी उलट असलेली जी-प्रकारची चुंबकी मांडणी घातली आणि ते नीट जुळलं. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मोजलेल्या आणि गणितानं काढलेल्या शिखरांमधल्या फरकाचा हाच आलेख. सेमिनारला मी आता तोच आधी दाखवते.

ही मांडणी ७४० केल्विनच्या आसपास मोडते. लोहाच्या जागी थोडं क्रोमियम घातलं तर ते तापमान किती उतरतं, याचा पुढचा प्रस्ताव लिहायला घेतला आहे.