चीन नेमका कोणाला घाबरतो?

2016 च्या एप्रिलमध्ये बीजिंगच्या गल्लीबोळात परदेशी हेरांपासून सावध करणारं एक सरकारी कॉमिक पोस्टर लागलं होतं, 16 चित्रांचं, नाव 'धोकादायक प्रेम'. गोष्ट अशी की सरकारी नोकरीतली शाओ ली नावाची मुलगी एका पार्टीत डेव्हिड नावाच्या गोऱ्या माणसाला भेटते, तो म्हणतो मी अभ्यासक आहे, मग फुलं, बागेत फिरणं, जेवणं, आणि हळूच 'तुझ्या ऑफिसातले ते कागद जरा दाखव ना'. शेवटी शाओ ली बेड्या घालून पोलिसांसमोर रडतेय. आपण हसतो, पण ज्या देशाकडे विमानवाहू जहाजं आहेत, अणुबॉम्ब आहेत, त्याला आपल्याच देशातल्या मुलींच्या बॉयफ्रेंडची भीती वाटते हे जरा थांबून बघण्यासारखं आहे.

आपल्याकडे टीव्हीवर चीन म्हटलं की मिसाईल, जहाजं, गलवान एवढंच. पण बीजिंगमधले लोक 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यातली यादी फार वेगळी असते. शी जिनपिंगनी 2014 मध्ये ती मांडली तेव्हाच तिच्यात 11 प्रकारच्या सुरक्षा होत्या, लष्करी सुरक्षा त्यातली फक्त एक, बाकी आर्थिक, सांस्कृतिक, माहितीची, पर्यावरणाची वगैरे, आणि नंतर समुद्राचा तळ, ध्रुवप्रदेश, अंतराळ हेही आलं. या सगळ्यांचा पाया कोणता म्हणाल तर राजकीय सुरक्षा. म्हणजे साध्या भाषेत कम्युनिस्ट पक्षाची खुर्ची. तिथलं सैन्यसुद्धा कायद्याने आणि शपथेने पक्षाचं आहे, हे आपण सारखं विसरतो.

याचं मूळ मला तरी 1989 ते 1991 या काळात दिसतं. आधी स्वतःच्या राजधानीत तियानानमेन चौकात लोकशाही मागणाऱ्या आंदोलकांवर रणगाडे आणावे लागले आणि मग अडीच वर्षांत सोव्हिएत युनियन एकही गोळी बाहेरून न लागता कोसळलं. एवढं मोठं सैन्य, एवढी अण्वस्त्रं, काही उपयोग झाला नाही. चिनी पक्षाने या पतनाचा जेवढा अभ्यास केलाय तेवढा रशियाने तरी केला असेल का शंका आहे. तेव्हापासून ताकही फुंकून पिणं चाललंय. 2011 च्या बजेटमध्ये तर अंतर्गत सुरक्षेला 624 अब्ज युआन आणि संरक्षणाला 601 अब्ज, म्हणजे बाहेरच्यापेक्षा घरातल्यांवर खर्च जास्त. नंतर हा आकडा पूर्ण छापणंच बंद केलं, संपला विषय. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये लॉकडाऊनला वैतागलेली पोरं शांघायमध्ये कोरे कागद हातात धरून उभी राहिली, कागदावर एक अक्षर नाही, तरी पोलीस उचलून घेऊन गेले.

आता सगळी भीती खोटी आहे असंही नाही हां. मलाक्काचं घ्या. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ 2003 मध्येच बोलले होते की आपलं तेल या एका चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतं आणि कोणी ती बंद केली तर आपण काय करणार. सिंगापूरजवळ ती तीन किलोमीटरपेक्षाही अरुंद होते आणि पश्चिमेच्या तोंडाशी आपलं अंदमान-निकोबार बसलंय. म्हणून मग म्यानमारमधून थेट चीनच्या युनान प्रांतापर्यंत पाइपलाइन टाकली, तेलाची 2017 मध्ये सुरू झाली. पण गणित बघा, चीनची तेल आयात वर्षाला 50 कोटी टनांच्या वर आणि ही पाइपलाइन फुल चालली तरी 2.2 कोटी टन. सोयाबीन वर्षाला साधारण 10 कोटी टन बाहेरून, बहुतेक ब्राझील आणि अमेरिकेतून. कॉम्प्युटर-मोबाईलमधल्या चिप्सवर तर कित्येक वर्षं तेलापेक्षा जास्त डॉलर गेलेत. जगाशी धंदा करून मोठा झाला म्हणूनच जग गळा आवळू शकतं, आणि जितका मोठा होतो तितकी यादी लांबते. 2021 मध्ये टेस्लाच्या गाड्यांना लष्करी आवारात बंदी घातली, का तर कॅमेरे आहेत.

आपल्या बाबतीतही हेच. आपण अक्साई चिन नकाशावरची जमीन म्हणून बघतो, त्यांना तिथे 1957 मध्ये पूर्ण केलेला शिनजियांग ते तिबेट रस्ता दिसतो, म्हणजे दोन अस्वस्थ प्रांतांना बांधणारी दोरी. 1962 ला हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, यशवंतराव दिल्लीला गेले, हे आपल्याला पाठ आहे, पण तीन वर्षं आधी, 1959 मध्ये, ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामा अरुणाचलमधल्या तवांगमार्गे भारतात आले हे बीजिंगच्या डोक्यात जास्त पक्कं बसलंय. माझ्या मते सीमाप्रश्न त्यांच्यासाठी मुळात तिबेटचा प्रश्न आहे, आणि हे लक्षात न घेता नुसतं 'लाल आंखे' करून काही होत नाही.

कहर म्हणजे 2007 चा नियम. देव न मानणाऱ्या पक्षाच्या सरकारने काढलेला, की तिबेटी लामांना पुनर्जन्म घ्यायचा असेल तर सरकारी मंजुरी पाहिजे. हसू येतं, पण यामागे कोल्ड हिशोब आहे. दलाई लामांनी 2025 च्या जुलैत, नव्वदी गाठताना, सांगून टाकलं की परंपरा चालू राहणार आणि पुढचा कोण हे आमचा ट्रस्ट ठरवणार. सहावे दलाई लामा तवांगचेच होते, आणि पुढचं पोर तिथेच जन्मलं तर त्या परवानगीच्या फॉर्मवर सही करायला अरुणाचलमध्ये कोण येणार?