निळा दिवा

दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात, ते केवळ पर्यटकांना भुलवायला, असं मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं. मग डिसेंबरात पहाटे बंबातलं पाणी तापायची वाट बघत अंगणात उभे राहिले की शाल मागतात. समुद्र जेमतेम पंधरा किलोमीटरवर, पण आम्ही वर पठारावर. पारा बारा-तेरावर येतो, एखाद्या वर्षी दहाच्याही खाली. हापूसच्या कलमांना ही थंडी हवीच असते, त्याशिवाय धड मोहोर धरत नाही. गाडीला मात्र ती सोसत नाही, हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

आमचं घर दापोलीपासून तीनएक किलोमीटरवर. चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. गाडी पेट्रोलवरची, 2013 सालची. आणि एक वही आहे, ती सासऱ्यांनी सुरू केली. टाकी फुल्ल केली की किलोमीटर लिहायचे, मागचे वजा करायचे, लिटरने भागायचं. ते गेले, वही माझ्याकडे आली. मी सुरुवातीला केवळ त्यांचा मान म्हणून लिहायचे.

2023 च्या मे महिन्यात खेड स्टेशनवरून पाहुणे घेऊन येताना चढावर लाल दिवा लागला, बॉनेटमधून वाफा. ओढून नेली गॅरेजात. मेस्त्रीने फुटलेला पाइप बदलला, आणि वर म्हणाला, "वयनी, थर्मोस्टॅट अडकलेला. काढून टाकलाय. आपल्याकडे काय बर्फ पडतो? परत गरम व्हायची नाय." मला ते पटलं. पैसेही वाचले. पावसाळ्यात गाडी ठीक चालली, म्हणजे मला तरी ठीक वाटली.

डिसेंबरात वही उघडली. एरवी लिटरला 17 किलोमीटरच्या आसपास पडतं, ते 14.6. पुढच्या टाकीला 14.3. एसी तर दिवाळीनंतर लावलेलाच नाही, म्हणजे उलट वाढायला हवं. आधी पंपावर संशय घेतला, पंप बदलून पाहिला. मग टायरची हवा. मग घरातल्या माणसांवर, की माझ्या नकळत कोण कुठे फिरून येतंय.

शेवटी लक्ष गेलं निळ्या दिव्याकडे. आमच्या गाडीत इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा नाही. पाणी गार असलं की निळा दिवा लागतो, फार तापलं की लाल. निळा दिवा सुरुवातीला दोन-चार मिनिटं दिसतो नि जातो, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी बघायला लागले. घरून निघाले, केळसकर नाका आला, दिवा तसाच. हर्णैला मासळीच्या लिलावाला निघाले की गावाबाहेर पडल्यावर कधीतरी विझायचा, आणि आसूदच्या उताराला लागले की पुन्हा लागायचा. उतारावर इंजिनाला काम नसतं, समोरून पहाटेचं गार वारं थेट रेडिएटरवर, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या पुढच्या जाळीवर. चालती गाडी गार होत होती!

थर्मोस्टॅट म्हणजे काय, हे मी तेव्हा कुठे समजून घेतलं. पाण्याच्या वाटेवरचं एक दार. आत मेणाची गोळी असते. इंजिन गार असताना दार बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. साधारण 82 ते 88 अंशांना (गाडीगणिक थोडा फरक) मेण वितळून फुगतं, दार ढकलतं आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. दारच काढून टाकलं तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये गार व्हायला जाणार. उन्हाळ्यात हे खपून जातं. हिवाळ्यात, त्यातून आमच्यासारख्या तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत, इंजिन कधी तापतच नाही.

आणि गार इंजिन पेट्रोल जास्त पितं. गार लोखंडावर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीतला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. ऑइलही घट्ट असतं, ते ढवळण्यात ताकद जाते. (ऑइलच्या डब्यावर 5डब्ल्यू-30 लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. मी इतकी वर्षं वेट समजत होते.) पहिलं घावन कधी नीट सुटत नाही, कारण बिडाचा तवा तापलेला नसतो. दुसऱ्यापासून झरझर निघतात. दुधाला नाक्यावर जायचं, परत यायचं, गाडी बंद, तासाभराने पावाला पुन्हा जायचं: म्हणजे दिवसभर नुसतं पहिलं घावन घालायचं आणि चूल विझवायची.

यावर आमच्या घरातला उपाय होता गाडी अंगणात दहा मिनिटं नुसती चालू ठेवण्याचा. ह्यांना वाटायचं, तापवून नेली की पेट्रोल वाचेल. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. छोटं इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर खातं. रोज दहा मिनिटं, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे चार तासांच्या वर. म्हणजे दोनापासून चार लिटर पेट्रोल नुसतं कलमांना धूर द्यायला. आणि उभ्या गाडीचं इंजिन तापतंही हळू, कारण त्याला काम नाही. त्यापेक्षा चालू करून अर्ध्या-पाऊण मिनिटात निघायचं आणि पहिले दोन किलोमीटर गाडी रेटायची नाही. हे त्यांना पटलं असं नाही, पण हिशेब खोडता आला नाही.

तोवर थर्मोस्टॅट परत बसवायचं काही मनात नव्हतं, कारण मेस्त्री जाणता माणूस, त्याने काढलाय तर काढलाय. मी माझ्या वडिलांची युक्ती केली. ते ट्रकवर होते. हिवाळ्यात घाटावर रात्री जाताना ड्रायव्हर लोक रेडिएटरच्या जाळीपुढे गोणपाट बांधायचे, वारं अडवायला. मी आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा कापून जाळीच्या आत सरकवला. झकास. केळसकर नाक्याच्या अलीकडे दिवा विझला. दोन दिवस मी सगळ्यांना सांगत सुटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी खेडला गेले, बाजार केला, गाडी भरून परत निघाले. पुठ्ठा आत आहे हे डोक्यातून गेलेलं. दुपारचं ऊन, भरलेली गाडी, चढ, आणि मे महिन्यात लागला होता जवळपास त्याच वळणावर लाल दिवा. बाजूला घेतली, पुठ्ठा उपसून काढला, अर्धा तास झाडाखाली बसून राहिले. बरोबर घेतलेले सोड्यांचे पुडे उन्हात असे घमघमत होते की रस्त्यावरची दोन कुत्री सोबतीला येऊन बसली. गोणपाट बांधणारे ते ड्रायव्हर काट्यावर नजर ठेवून असत, वेळ आली की उतरून सोडत. माझ्याकडे काटा नाही आणि तेवढं लक्षही नाही.

दुसऱ्या दिवशी नवा थर्मोस्टॅट आणला. मेस्त्री म्हणाला, "बसवतो, पण परत अडकला तर माझ्याकडे येऊ नका." त्याची बाजूही मला नंतर कळली. आम्ही रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घालत होतो. आतून गंज, क्षार, सगळा राडा. दार अडकणार नाही तर काय? बंद अवस्थेत अडकलं तर इंजिन जळतं, आणि शिव्या मेस्त्रीला. त्याने दारच काढलं. बिचाऱ्याने आपली पाठ सांभाळली, पेट्रोलचं बिल त्याला थोडंच येत होतं. यावेळी आतलं सगळं धुऊन घेतलं आणि विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट भरलं.

बसवण्याआधी मात्र मी तो घरी आणून तपासला. पातेल्यात पाणी घातलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवला, म्हणजे बुडाला टेकायला नको, आणि गॅस लावला. पाण्यात पाकाचा थर्मामीटर. पंचाहत्तरला काही नाही. ऐंशीला काही नाही. चौऱ्याऐंशीच्या पुढे मधली चकती इतकी सावकाश वर उचलली गेली की मला आधी भासच वाटला. गॅस बंद केला, तशी परत मिटली. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "चहाचं पातेलं होतं गो ते." आता ते गॅरेजच्या फळीवर आहे.

सगळा फरक थर्मोस्टॅटचाच असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात पाहुणे जास्त, फेऱ्या जास्त, त्यामुळे थोडं कमी पडणारच. अमेरिकेतल्या सरकारी माहितीत वाचलं की 25 अंशांऐवजी उणे 7 अंशांत शहरात गाडी चालवली तर सुमारे 15 टक्के कमी पडतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत 24 टक्क्यांपर्यंत. तिकडे त्यासाठी इंजिनाला विजेचा हीटर लावून ठेवतात. आमच्याकडे उणे काही नाही, तरी छोट्या फेऱ्यांचा फटका तोच. म्हणून दूध, पाव आणि मासळी मी आता एकाच फेरीत उरकते. आधी लांबचं हर्णै, मग येताना इंजिन तापलेलं असताना नाक्यावरची थांबाथांब. पाव थोडे उशिरा मिळतात, पाहुणे तोवर घावन खातात.

आसूदच्या उताराला निळा दिवा आता लागत नाही.

वहीतली शेवटची नोंद: 15 जानेवारी. 16.4. हर्णै सहा वेळा, खेड एकदा. पुठ्ठा नाही.