भिंत बांधून टाका ना एकदाची!

ऑगस्ट लागला की पुण्याहून आत्येभावाचा फोन येतो. "आयर्विनला किती?" हा त्याचा पहिला प्रश्न. सांगली सोडून तीस वर्षं झाली, पण हा प्रश्न काही त्याला सुटलेला नाही. आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल. तिथं पाणी किती चढलंय, ते मी फुटांत सांगतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे त्याला पाढ्यासारखं पाठ आहे. मग दुसरा प्रश्न येतो : "अरे, सारखंच आहे हे, तर नदीला दोन्ही बाजूंनी भिंत का बांधून टाकत नाहीत एकदाची?"

मी नद्यांविषयी शिकवतो असं कळलं की लग्नाच्या पंगतीत शेजारचे पाहुणेही हेच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा ऐसपैस सांगतो. फोनवर ते जमत नाही, कारण तेव्हा लाइट गेलेली असते आणि बॅटरी पुरवायची असते.

आधी मला सांगा, कृष्णा किती रुंद आहे? मे महिन्यात आयर्विन पुलावर उभं राहून बघाल तर खाली पाण्याचा एक पट्टा दिसेल आणि तुम्ही म्हणाल, एवढी. माझ्या आजोबांनी मळी धरून सांगितली असती. मळी म्हणजे काठाची गाळाची जमीन. ती सातबाऱ्यावर आपल्या नावाची असली तरी पावसाळ्यात नदीची, असा अलिखित करार होता. पाणी येऊन जायचं, गाळ बसायचा, आणि मग शाळू, हरभरा, वांगी. कृष्णाकाठच्या वांग्याचं एवढं कौतुक होतं ना, ते निम्मं त्या गाळाचं आहे. (उरलेलं निम्मं आमच्या आजीच्या कुटाचं, पण तो विषय वेगळा.)

शास्त्रात ही गोष्ट उशिरा आली. युंक, बेली आणि स्पार्क्स या तिघांनी १९८९ साली 'पूरस्पंदा'ची कल्पना मांडली. युंक यांचं काम अमेझॉनवरचं. तोवर नदीचा अभ्यास म्हणजे उगमापासून मुखापर्यंत, लांबीतला. यांनी म्हटलं, मोठ्या नद्यांची खरी हालचाल आडवी असते. पाणी काठावर चढतं, पसरतं, काही काळ उथळ आणि कोमट होऊन थांबतं आणि परत पात्रात उतरतं. त्या थांबण्यात सगळा कारभार होतो. कुजलेल्या गवतापासून किड्यांपर्यंत मुबलक खाणं तयार होतं, माशांची पिल्लं तिथं वाढतात, गाळ बसतो, पाणी जमिनीत मुरून उन्हाळ्यात हळूहळू नदीला परत मिळतं. चढणीचे मासे ज्यांनी धरलेत त्यांना यातलं बरंच आधीपासून माहीत होतं. पहिल्या पाण्याला मासे ओढ्यांत आणि शेतांत का घुसतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आता आमची जागा बघा. महाबळेश्वरातून धावत उतरलेली कृष्णा सांगलीपाशी येईस्तोवर रेंगाळायला लागते. उतार मंद, वळणं फार. हरिपूरला वारणा मिळते, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम भरल्या की कुणीच कुणाला वाट देत नाही आणि पाणी मागे तुंबतं. ते जिथं तुंबून उभं राहतं ती मळी. भिंत बांधली तर मळीवर पसरणारं पाणी नाहीसं होत नाही. ते पात्रात उंच चढतं आणि पुढच्या गावात उतरतं. सांगलीची भिंत म्हणजे शिरोळ तालुक्याच्या गळ्याला पाणी. शिरोळनंही बांधली तर? मग त्याच्याही खाली कोणीतरी असतंच.

याचा प्रयोग देशात झालेला आहे. बिहारमध्ये १९५४च्या सुमारास १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण जमीन होती २५ लाख हेक्टर. तटबंध तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेले आणि पूरप्रवण जमीन ६८ लाख हेक्टरांवर गेली. कोसीनं गाळ मळीवर टाकायचा तो दोन बांधांच्या मधे टाकला आणि तिचा तळच वर उचलला गेला. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळात कुसहा इथं बांध फुटला, तेव्हा नदीत पाणी किती होतं? बांध जेवढ्यासाठी बांधला होता, त्याच्या किती तरी कमी.

इथं आत्येभाऊ म्हणतो, मग अलमट्टी? म्हणजे खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण; त्याच्या पाण्यामुळेच इथं पूर तुंबतो, अशी सांगलीची तक्रार. अलमट्टीचं नाव घेतलं की सांगलीत कोणाचाही घसा मोकळा होतो. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९च्या पुराचा ठपका अलमट्टीवर ठेवला नाही, पण चहाच्या टपरीवर तो अहवाल कोणी मान्य केलेला नाही. मला वाटतं, दोषी दुसऱ्या राज्यात सापडला की आपल्या गल्लीत बघावं लागत नाही. मळी नदीला मोकळी ठेवली असती तर २०१९ला पाणी घरात आलंच नसतं, असंही मी म्हणणार नाही. आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी होतं ते. पण किती दिवस थांबायचं आणि कुठवर यायचं, यात आपला हात आहेच.

आमच्याच गल्लीत बघू. सांगलीत ओत होते. नदी वाढली की पाणी ज्या सखल वाटांनी हळूच गावाच्या पाठीमागे जाऊन बसायचं, आणि नदी उतरली की त्याच वाटांनी परत फिरायचं, त्या वाटा. ओत बुजले, प्लॉट पडले. त्यातला एक वडिलांनी घेतला. स्वस्त होता. का स्वस्त होता हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी तेव्हा कॉलेजात नद्यांवरच टिपणं काढत होतो, मीही विचारलं नाही. २००५ला घरात गुडघाभर पाणी आलं, २०१९ला खांद्याच्या वर. मधे कधीतरी नकाशावर दोन रेषा दिसल्या : निळी, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मधे निर्बंध. आमचं घर बरोबर मधे. नदीला जागा सोडा म्हणून मी व्याख्यानं देतो, ती या घरातून निघून द्यायला जातो.

डच लोकांनी जागा सोडली. १९९५ साली अडीच लाख माणसं हलवावी लागली, त्यानंतर त्यांनी भिंती आणखी उंच करण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी मागे घेतल्या. नाइमेखेन शहरात तर बांध साडेतीनशे मीटर मागे नेऊन नदीला दुसरं पात्र खोदून दिलं. त्यासाठी पन्नासेक घरं पाडली. पैसे होते, घरांची किंमत नीट दिली, हे खरं. आमच्याकडे मळीत आता बारमाही ऊस उभा आहे, वीटभट्ट्यांनी गाळाची माती खरवडून नेली आहे, आणि पुराबरोबर येतो त्यात गाळ किती आणि शहराची घाण किती, हे वासावरूनच कळतं. इथं मागे सरकायचं म्हणजे कुणी सरकायचं, हा प्रश्न भिंतीपेक्षा अवघड आहे. म्हणून सगळे भिंतीबद्दल बोलतात.

नरसोबाच्या वाडीला मात्र दत्ताच्या देवळात पाणी आलं की लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी करतात. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. उत्सवमूर्ती आधीच वर हलवलेली असते. पाणी उतरलं की देऊळ धुऊन घेतात आणि पूजा पुढे सुरू होते.

आमच्या हॉलच्या भिंतीवर मी ऑइलपेंटनं तीन खुणा केल्यात : २००५, २०१९, २०२१. या उन्हाळ्यात शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मुरमाचे डंपर आले. मालक भला माणूस आहे. "सर, तुमचा अभ्यास आहे, किती फूट भर टाकू?" म्हणाला. मी त्याला घरात बोलावून खुणा दाखवल्या. त्यानं सगळ्यात वरच्या खुणेवर हात ठेवला, तिथून एक वीत आणखी वर मोजली आणि दारातूनच डंपरवाल्याला हाक मारली.