ब्रिस्बेनची पाल

आज दुपारी चारला भाचीचा व्हिडिओ कॉल आला, ब्रिस्बेनहून, तिकडं रात्रीचे साडेआठ. आईनं नेहमीसारखा फोन कानाला लावलेला, पोरीला स्क्रीनवर नुसता कानच दिसत असणार. तेवढ्यात चुक् चुक् चुक्. आईनं लगेच बाजेवर बोट वाजवलं, "कृष्ण कृष्ण", आन् वर ट्यूबलाइटकडं बघायली. लातूरच्या उन्हात भर दुपारी पाल कुठून येणार? भाची हसली, "आजी, ती माझ्या किचनमधलीय!"

तिकडं हिला एशियन हाउस गेको म्हणतात म्हणे. संध्याकाळी मोबाइलवर वाचत बसलो तर खरंच की, मूळची आपल्या दक्षिण आणि आग्नेय आशियातली, जहाजातल्या मालाबरोबर गेली, ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराला १९६०च्या दशकात, ब्रिस्बेनला १९८०च्या. एका वेळी दोनच अंडी, पण कवच टणक, खोक्याच्या सापटीत राहिली तरी प्रवास सोसतात. त्यात मादी नराचं बीज कित्येक महिने पोटात सांभाळते, म्हणजे एकटी उतरली तरी संसार मांडते. हवाईत तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोचली आणि दिव्यापाशी आधीपासून बसणाऱ्या बारक्या पालीला तिथून हुसकलं. (ती बारकी पण माणसांच्या होड्यांतनंच आलेली, पण ते असो.) भाचीच्या घरमालकिणीला म्हणे ती डोळ्यासमोर नको, मला उगंच वाईट वाटलं, आपल्या गावच्या माणसाला कुणी नाव ठेवावं तसं. तसं बघितलं तर आमच्याकडं तरी कुठं लाड होतात.

रात्री लाइट आली तशी आमची बाई ट्यूबमागून बाहेर. उन्हाळ्यात आईच्या खराट्यानं तुटलेली शेपटी परत आलीय, पण आखूड, गुळगुळीत, रंगानं वेगळीच, जुन्या पँटला लावलेल्या ठिगळासारखी. पाखरू धरलं, एक पंख तोंडाबाहेर फडफडायला, दोन-तीन झटक्यांत आत. मग जीभ काढून स्वतःचा डोळा पुसला, पापण्याच नसतात तर काय करणार.

आईला म्हणलं, बघ, हिच्याच भावकीतली ब्रिस्बेनला असती.

आई थोडा वेळ वर बघत राहिली, मग म्हणली, "आन् तिकडं ती चुकचुकली की कृष्ण कृष्ण कोण म्हणतंय?"