तिकिटावरची रिग नेमकी कोणती?

समुद्रातल्या तेलाची टपाल तिकिटं संग्रहात विषयवार लावायला घेतली की पहिला घोळ कॅटलॉग घालतो. पाणी आणि लोखंडी मनोरा दिसला की बहुतेक ठिकाणी नोंद एकच, ‘ऑइल रिग’. विहीर खणणारी यंत्रणा बहुधा वेगळी आणि खणून झाल्यावर वर्षानुवर्षं तेल काढणारा प्लॅटफॉर्म वेगळा. ब्रिटनच्या २५ जानेवारी १९७८च्या ऊर्जा मालिकेतलं ९ पेन्सचं तिकीट उत्तर समुद्रातल्या उत्पादन प्लॅटफॉर्मचं आहे. ते ड्रिलिंगच्या पानावर गेलं, तर प्रदर्शनातला जाणकार परीक्षक तिथेच थांबतो.

ओळख पायांवरून पटवायची. डेकच्याही वर जाळीदार पाय उंच गेलेले असतील तर जॅक-अप, म्हणजे पाय तळाला टेकवून स्वतःला वर उचलणारी रिग. तिचे पाय बहुधा तीन. डेक पाण्याला टेकलेला आणि पाय आभाळात, असं चित्र असेल तर रिग टोइंगवर आहे, म्हणजे बोटीने ओढून नेली जातेय, खणत नाही. जागेवर पोचल्यावर पाय तळाला टेकवतात, डेक उचलतात, मग टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून पायांवर मुद्दाम वजन टाकतात. तळाशी कडक थर आणि त्याखाली मऊ चिकणमाती असेल, तर पाय आरपार घुसून रिग कलंडू शकते. ते संकट खणण्याआधीच, ताब्यात असताना उघडं पडावं, म्हणून हा खटाटोप. पाणी काढून टाकलं की डेक लाटांच्या वर नेतात. त्यामुळे डेक तरंगतोय आणि खाली ड्रिल पाइप गेलाय, असं जॅक-अपचं चित्र दिसलं तर चूक चित्रकाराची.

जाडजूड खांबांवर डेक आणि वर डोकावणारे पाय नाहीत, तर ती सेमी-सबमर्सिबल, म्हणजे अर्धवट बुडून तरंगणारी रिग असू शकते. तिचे पाँटून, म्हणजे खांबांखालचे पोकळ तराफे, पाण्याबाहेर दिसत असतील तर ती प्रवासात आहे. खणताना वजनासाठी टाक्यांत पाणी घेऊन ते लाटांच्या माऱ्याखाली बुडवतात. गोंधळ होतो तो काँक्रीटच्या प्लॅटफॉर्मशी, कारण त्याचेही खांब जाडच. नॉर्वेच्या १९७९च्या अभियांत्रिकी मालिकेतलं २.८० क्रोनरचं स्टाटफ्योर्ड ‘ए’ हे त्याचं उत्तम उदाहरण. हे धूड स्वतःच्या वजनावर तळाशी बसलेलं असतं, आणि ड्रिलिंग व उत्पादन दोन्ही त्यावरूनच होतं. म्हणजे हे तिकीट दोन्ही पानांवर हक्क सांगतं. जाळीदार पोलादी जॅकेट, म्हणजे प्लॅटफॉर्मला तळापासून पेलणारा सांगाडा, आणि मधोमध डेरिक (खणण्याचा मनोरा) असलेलं ड्रिलशिप, म्हणजे खणणारं जहाज, हे दोन्ही मात्र सहज ओळखू येतात.

आता ज्योत. चित्रकारांना ती फार आवडते, नाट्य वाढतं ना! फ्लेअर बूमच्या, म्हणजे नको असलेला वायू जाळायच्या लांब दांड्याच्या टोकाला ज्योत म्हणजे बहुधा उत्पादन चालू. ड्रिलिंग रिगवर ती दिसली तर विहिरीची चाचणी समजावी. राहण्याच्या खोल्या आणि हेलिडेक (हेलिकॉप्टर उतरायची जागा) विहिरीपासून व ज्योतीपासून शक्य तितके लांब ठेवतात. हेलिडेकला खेटून जाळ काढलेला असेल, तर संग्रहाच्या नोंदीत तसं खुशाल लिहा. वाचणाऱ्याला मजा येते.

छपाईही बघा. तिकिटावर डेरिक जेमतेम सेंटीमीटरभर, त्यात आडव्यातिडव्या पट्ट्यांची जाळी. दहापट भिंगाखाली कोरीव छपाईत एकेक रेघ सलग दिसते. ऑफसेट या सपाट छपाईत रंगछटा ठिपक्यांच्या असल्या की जाळी तुटते आणि डेरिकचा राखाडी डाग होतो. असं तिकीट मोठं करून प्रदर्शनात लावू नये, दोष आणखी उठून दिसतो.

खरेदी करताना कोपऱ्यात गोल शिक्क्याचा सुबक पाव भाग आणि मागे शाबूत डिंक दिसला, तर ते टपालातून न जाता आधीच रद्द केलेलं तिकीट असणार. अल्बममध्ये चालेल, प्रदर्शनात वजन पडत नाही. थीमॅटिक, म्हणजे एका विषयावरच्या संग्रहांच्या स्पर्धेत रिगचं साधं पिक्चर पोस्टकार्डही चालत नाही. प्रदर्शनाच्या एका फ्रेममध्ये ए-फोर आकाराची सोळा पानं बसतात. ती नुसत्या तिकिटांनी भरण्याऐवजी रिगचं चित्र असलेले शिक्के, टपाल खात्याची छापील पाकिटं आणि टपाल-यंत्राचे मीटर ठसे मिळवा. तेल कंपन्यांच्या जुन्या पाकिटांवर असे ठसे सापडतात. मीटर ठसा कापून घेऊ नका, पाकीट अख्खंच ठेवा.