मधलं पद

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर बाईच उभ्या राहिल्या. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. मी तर्कशास्त्राच्या बाईंविषयीच लिहिणार.

अकरावीचा पावसाळा. मागच्या कुंपणावरून उड्या मारून कुणीतरी तास बुडवत होतं. आमच्यातल्या एकाचे बूट चिखलाने माखलेले दिसले आणि अख्ख्या वर्गाने त्याला दोषी ठरवलं. पोरगा रडवेला झाला. बाई कुणावरही रागावल्या नाहीत. आमचा आरोपच त्यांनी फळ्यावर मांडला : कुंपणावरून उडी मारणाऱ्या सर्वांचे बूट चिखलाने भरतात. याचे बूट चिखलाने भरले आहेत. म्हणून याने कुंपणावरून उडी मारली.

"वरची दोन आधारविधानं, खालचा निष्कर्ष. दोन्ही आधारांत येणारं मधलं पद कोणतं?"

"चिखलाने बूट भरलेले."

"अशा सगळ्यांविषयी कुठल्या विधानात काही सांगितलंय?"

कुठेच नव्हतं. स्टँडवरून चालत येणाऱ्यांचेही बूट भरतच होते! मधल्या पदातल्या सगळ्यांविषयी काहीच न सांगता निष्कर्ष काढायचा, हा अव्याप्त मध्यपदाचा दोष त्या दिवशी डोक्यात बसला तो कायमचा.

सर्व पक्षी उडतात, शहामृग पक्षी आहे, म्हणून शहामृग उडतो. हे अनुमान युक्त आहे, म्हणजे आधारांवरून निष्कर्ष नीट निघतो, पण पहिलं विधानच असत्य, हेही बाईंनीच शिकवलं. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राबरोबर न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेतले अनुमानाचे पाच अवयव, म्हणजे पायऱ्याही त्या शिकवायच्या : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे. पण धूर तिथे अग्नी, हे पाहिलंत कुठे? स्वयंपाकघरात. नियमासोबत उदाहरण मागणारी ही पद्धत बाईंना फार प्रिय होती, आणि मलाही आहे.

आज मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. परिस्थितीजन्य पुराव्यावर दोषी ठरवायचं तर आरोपीच्या दोषाखेरीज दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या सारडा खटल्यात सांगितलं. ज्युनिअर्सना तो निकाल समजावताना मी आधी चिखलाचे बूट सांगतो.

विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून आपल्याकडचा तर्कशास्त्राचा वर्ग बंद झाल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. मोबाइलवर आलेल्या दोन ओळींवरून माणसं कुणालाही दोषी ठरवतात, अशा काळात तो वर्ग हवाच. संस्थेने तो पुन्हा सुरू करावा. शनिवारी कोर्टाला सुट्टी असेल तेव्हा येऊन शिकवायला मी तयार आहे, विनामूल्य.