टार्गेट-स्विंगची नोंद: ड्रायव्हर सुटला, आता वेज अडलाय

मंडळी, गोल्फमधला ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, सरळ जातोय! सरावाच्या रेंजवर नव्हे, कोर्सवर. आणि तेही आमच्या सातव्या होलवर, जिथे टीपासूनच (पहिला फटका मारायच्या जागेपासूनच) उजव्या हाताला ओबीचे, म्हणजे हद्दीबाहेरचे, पांढरे खुंट सुरू होतात. रविवारी चेंडू ठरवलेल्या रेषेवर निघाला, शेवटी किंचित उजवीकडे कलला आणि फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, बसला. आज सकाळी पुन्हा तेच. एकदा झालं असतं तर गप्प राहिलो असतो. दोनदा झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

सेव्हन आयर्नपर्यंतचा, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबपर्यंतचा, टार्गेट-स्विंगचा हिशोब मागच्या नोंदींत झालाच आहे. कोपर, हिप, मनगट यांचा विचार टी बॉक्सच्या बाहेर ठेवायचा, टार्गेट धरायचं आणि मारायचं. आयर्नला हे लवकर मानवलं, चिपला (ग्रीनजवळच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताजवळच्या, छोट्या फटक्याला) त्याहून लवकर. हायब्रिड क्लबचा मूड असेल तसं. ड्रायव्हर मात्र हलायला तयार नव्हता, आणि का, ते कळायलाच सगळा वेळ गेला.

लगोरी फोडताना आपले डोळे लगोरीवर असतात. हाताचं काय चाललंय याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं, हात आपला आपण जुळवून घेतो. गोल्फमध्ये नेमकी इथेच अडचण आहे. मारताना डोळे चेंडूवर असतात आणि टार्गेट डाव्या खांद्यापलीकडे कुठेतरी. म्हणजे टार्गेट बघत मारायचं नसतं, आठवत मारायचं असतं. आणि आठवण विरते.

मोबाइलवर मागून व्हिडिओ काढले, पण या वेळी स्विंग तपासायला नाही. टार्गेटकडे शेवटची नजर टाकल्यापासून क्लब हलेपर्यंत किती वेळ जातो, तेवढंच पाहिलं. सेव्हन आयर्नला जेमतेम एक श्वास. ड्रायव्हरला त्याच्या कितीतरी पट: वॅगल (क्लब उगाच हलवत राहणं), पाय पुन्हा रोवणं, क्लब उचलून परत ठेवणं. तेवढ्यात टार्गेट डोक्यातून पुसलं जायचं, आणि रिकाम्या जागेत दोनपैकी एक पाहुणा येऊन बसायचा. एक म्हणजे ‘डावा हात सरळ’, दुसरा म्हणजे ‘उजवीकडे नको’. दुसरा जास्त घातक, कारण मग मनात खुंटच उभे राहतात.

शरीराचा विचार ऐनवेळी का कामाचा नाही, याचं गणित मला फार पटतं. डाऊनस्विंग साधारण पाव सेकंदाचा. काही दिसलं, जाणवलं, त्यावर प्रतिक्रिया द्यायची म्हटलं तर तीच मुळी सेकंदाचा पाचवा हिस्सा खाते. क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) आणि चेंडू एकमेकांना भेटतात ते अर्धा मिलिसेकंद. त्यात कोपर कुठे आणि किती वळवणार? चेंडू कुठल्या दिशेला निघेल हे मुख्यतः फेस ठरवतो, ड्रायव्हरला तर 85 टक्क्यांच्या आसपास. फेसमुळे चेंडू एक अंश चुकीच्या दिशेला निघाला, तर 200 यार्डांवर साडेतीन यार्ड बाजूला जातो. चार अंश म्हणजे 14 यार्ड, म्हणजे आमच्या सातव्यावर थेट ओबी. आणि ‘पोझिशन’ परिपूर्ण असली तरच फेस टार्गेटकडे सरळ येतो असंही नाही. अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा तो वळसेदार स्विंग डोळ्यांसमोर आणा. त्या स्विंगवर त्याने 2003 ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये पीजीए टूरवर 18 होलचा राउंड 58 फटक्यांत खेळला.

असो. विरणाऱ्या टार्गेटवर काय काय केलं ते सांगतो.

आधी दिग्गज गोल्फर जॅक निकलॉसची पद्धत: चेंडूच्या पुढे हात-दोन हातांवर रेषेत एखादं पान किंवा जुना डिव्होट (क्लबने गवत उखडल्याची खूण) निवडायचा. अलाइनमेंटला, म्हणजे रेषेत उभं राहायला, हे अप्रतिम आहे, आणि ते कायम ठेवलंय. पण चित्र टिकवायला त्याने मदत होत नव्हती, कारण पान हे पानच. ते 200 यार्डांवरच्या कशाचीच आठवण करून देत नाही.

मग गोल्फर जॉर्डन स्पीथ. 2015 मध्ये मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकला त्या वर्षी छोट्या पटला (ग्रीनवरून होलकडे ढकलायच्या फटक्याला) तो चेंडूऐवजी होलकडे बघून पट करायचा. पटरला हे सोन्यासारखं चाललं, ग्रीनलगतच्या चिपलाही. ड्रायव्हरला करून बघू नका, मान आणि खांदे दोन्ही भांडतात.

2010 च्या ब्रिटिश ओपनमध्ये विजेत्या लुई ऊस्टहाउझनच्या ग्लोव्हवर लाल ठिपका होता. ठिपका दिसला की लक्ष एकवटायचं, ही त्यामागची कल्पना. ठिपका मीही काढला. घाई कमी झाली, डोकं शांत झालं. मात्र शांत डोक्यातही टार्गेट नव्हतंच.

इथे हालचाली शिकताना लक्ष कुठे असावं यावरचं गॅब्रिएल वुल्फ यांचं संशोधन पुन्हा काढलं. लक्ष शरीरावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर शिकणं चांगलं होतं, हे त्यांनी 1999 मध्ये गोल्फच्या पिच शॉटवरही (ग्रीनकडे उंच मारायच्या छोट्या फटक्यावरही) दाखवलं. एवढं आपल्या गटात सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पुढचं कुणी फारसं बोलत नाही. 2000 च्या अभ्यासात नवख्यांना टार्गेट आणि चेंडूच्या उड्डाणापेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देण्याचा जास्त फायदा झाला. उलट 2009 मध्ये बेल आणि हार्डी यांनी मुरलेले खेळाडू घेतले, तर सर्वांत अचूक ठरले ते चेंडूच्या उड्डाणाकडे लक्ष देणारे. आपण मधल्या हँडिकॅपवाले, म्हणजे ना नवखे ना मुरलेले, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. म्हणून ‘फक्त लांबचं टार्गेट बघा’ हा सरसकट सल्ला मला आता अपुरा वाटतो. बेल-हार्डींच्या निकालातला कळीचा शब्द ‘उड्डाण’ आहे. उड्डाण म्हणजे जागा नव्हे, वाट.

ही वाट मला सापडली खारघरला. तिथे कोर्सच्या पाठीशी डोंगर उभा आहे. एका टीवरून पडायची जागा धड दिसेना, म्हणून डोंगराच्या कडेतली एक खाच निवडली आणि ठरवलं, चेंडू त्या खाचेखालून चढत जाणार. मारला. तिथूनच गेला! पुढच्या टीवर फेअरवे लख्ख दिसत होता, तरी हट्टाने पुन्हा आकाशातलीच जागा निवडली. पुन्हा तिथूनच.

परतीच्या वाटेवर पनवेलपासून घाट चढेपर्यंत डोक्यात हेच होतं. जमिनीवरचं टार्गेट स्थिर असतं, ते ‘तिकडे’ असतं आणि मी ‘इकडे’. उड्डाणाची सुरुवात मात्र माझ्या पायाशी, चेंडूपासून होते. त्यामुळे चेंडूकडे बघतानाही मी त्याच चित्राच्या एका टोकाकडे बघत असतो. आठवणीत धरून ठेवायचं फारसं काही उरतच नाही.

आता रूटीन असं आहे. चेंडूमागे उभं राहून खिडकी, म्हणजे चेंडू आकाशात जिथून जाणार ती जागा, ठरवायची: आडवी किती, उंची किती. फांदीची बेचकी, टॉवरचा दिवा, डोंगराची खाच, काहीही चालतं, पण लहान हवं. ग्रिप, स्टान्स, बॉल पोझिशन हे सगळं नजर खिडकीकडे जायच्या आधी उरकायचं. मग खिडकीकडे शेवटचं बघायचं आणि नजर त्याच वाटेने उलटी चेंडूपर्यंत आणायची. नजर चेंडूवर पोचली की क्लब निघाला पाहिजे. थांबायचं नाही, वॅगल नाही. थांबलं तर सरळ बाजूला व्हायचं आणि पुन्हा सुरुवात. निकलॉसनेही आपण आधी चेंडू थांबलेला बघतो, मग त्याचं उड्डाण आणि मग स्विंग, असं सांगून ठेवलंय. ते वाचून माहीत होतं, अंगात आत्ता उतरलं.

साधनांबद्दल थोडं. चेंडू फेसवर कुठे लागला ते दाखवणाऱ्या इंपॅक्ट स्टिकरवर पैसे घालवू नका. व्हाइटबोर्ड मार्करचा जाड ठिपका चेंडूच्या मागच्या बाजूला काढला की त्याचा शिक्का फेसवर उमटतो, कापडाने पुसला की साफ. रेषा दाखवायला जमिनीवर ठेवायच्या अलाइनमेंट स्टिक हार्डवेअरच्या दुकानातल्या फायबर रॉडपेक्षा काही वेगळ्या नसतात. लाँच मॉनिटर (चेंडूचं उड्डाण मोजणारं यंत्र) मिळाला तर स्टार्ट डायरेक्शन, म्हणजे निघतानाची दिशा, हा एकच आकडा बघा, बाकी पडदा झाका. आणि रेंजची मॅट लबाड असते: चेंडूमागे दोन बोटं क्लब आपटला तरी तो घसरून पुढे जातो आणि शॉट बरा दिसतो. मी जातो त्या रेंजवरचे चेंडू इतके गुळगुळीत झालेत की त्यांच्या वळणावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. निघतात कुठल्या दिशेला, तेवढंच पाहतो.

आता वाईट बातमी. 40 ते 60 यार्डांचा वेज (जवळून उंच मारायचा क्लब) बिघडलाय. दिशा अचूक, अंतराचा पत्ता नाही. कधी वाळूच्या बंकरमध्ये, कधी ग्रीनच्या मागे. पूर्ण स्विंगला अंतर क्लब ठरवतो, खिडकी फक्त दिशा आणि उंची देते. अर्ध्या स्विंगला अंतर मीच ठरवायचं, आणि एकाच खिडकीतून गेलेला चेंडू 40 वरही पडू शकतो नि 60 वरही. बॅकस्विंग घड्याळाच्या नऊवर थांबवायची जुनी पद्धत परत आणावी, असं ठरवूनच लिहायला बसलो होतो. पण ती पुन्हा पोझिशनच.

लिहिता लिहिता दुसरं सुचलंय. चढती वाट धरतोय, उतरती का नाही? पिचला खिडकी उतारावर ठेवायची: चेंडू ग्रीनच्या कडेवरून किती उंचीने आत येतो आणि कुठे टेकतो, इथून नजर उलटी आणायची. टेकायची जागा तीच ठेवून एकदा उंच, एकदा बुटका असे आळीपाळीने मारायचे, आणि प्रत्येक चेंडूला जागा बदलायची, म्हणजे हात घोकंपट्टी करणार नाहीत. म्हणजे मॅट नको, गवत हवं. या आठवड्याचा रेंजचा बेत रद्द, त्याऐवजी सकाळी लवकर प्रॅक्टिस ग्रीन. कॅडीदादांना टेकायच्या जागी उभं करण्याऐवजी बाजूला उभं करणार आहे, उतरतानाची उंची तिथूनच नीट दिसते.

ड्रायव्हरचा शाफ्ट बदलायचा विचारही तूर्त बाजूला ठेवलाय. स्टार्ट लाइन अशीच राहिली तर ते पैसे नव्या वेजला लागतील, कारण 56 अंशाच्या वेजचे ग्रूव्ह्ज (फेसवरच्या खाचा) खरोखरच झिजलेत. तुमच्यापैकी कुणी पिचला उतरती वाट धरून मारत असेल, तर उंची कशावरून ठरवता ते जरूर सांगा. मला शनिवारच्या राउंडआधी हवंय.